कोळशानंतरचं पाणी

आमच्या सांडपाणी केंद्रातल्या शेवटच्या टाकीत कोळसा असतो. चुलीतला नव्हे. औषधांतून, साबणांतून, प्लास्टिकमधून आलेली, शरीरातल्या हार्मोन्सचा गोंधळ उडवणारी द्रव्यं शोषून घेणारा. तिथून पाणी नदीत जातं आणि खालच्या गावात नळाला येतं. त्या गावात माझी लेक राहते. तिला तिसऱ्यांदा दिवस गेलेत; आधीची दोन राहिली नाहीत.

परवा मी घेतलेल्या, कोळशानंतरच्या पाण्याच्या नमुन्यात स्त्री-हार्मोन सापडलं, जवळजवळ कोळशाआधीच्या पाण्यात होतं तेवढंच. लेकीला फोन करून सांगितलं, "नळाचं पाणी तोंडात घालू नकोस."

काल सकाळी टाकीवर आमच्या इंजिनीअरांना गाठलं. यांना सगळे पाठीमागे 'होईल-होईल' म्हणतात, कारण नवा कोळसा कधी येणार विचारलं की ते तेवढंच म्हणतात. ते खरंच घाबरले होते. तेवढ्यात मी घाम पुसायला हात वर केला आणि जागच्या जागी थिजले. पाळी गेल्यापासून अंगाची लाही होते म्हणून डॉक्टरांनी मला हार्मोनचं जेल दिलंय. रोज सकाळी दंडाला चोळते. त्याच हातांनी, हातमोजे न घालता, मी नमुन्याची बाटली धरली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांना हातमोज्यांवरून झापणारी मी. तसं इंजिनीअरांना सांगितलं.

"बिचारा कोळसा फुकट बदनाम झाला की हो बाई," इंजिनीअर म्हणाले. मीही हसले. इतकं हलकं वाटलं की तिथूनच लेकीला फोन लावला. "पी गं बिनधास्त. तुझ्या आईचाच हात नडला."

नियम म्हणून नमुना पुन्हा घेतला. इंजिनीअरांनी हातमोजे घालून बाटली भरली. तपासणीही त्यांनीच केली. मला चेष्टेनं दाराबाहेर उभं केलं होतं.

आज निकाल आला. त्यांनी पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. चेष्टा केली नाही.

"तेवढंच आहे," ते म्हणाले. "कोळशाची शोषायची ताकदच संपलीय. मी आधी खालच्या गावचं पंपघर बंद करायला सांगतो." आज 'होईल' म्हणाले नाहीत.

मी लेकीला फोन लावला.

"आई, बरं झालं काल तू पी म्हणून सांगितलंस," ती म्हणाली. "विकतचं पाणी पुरतच नव्हतं. हल्ली सारखी तहान लागते गं. आत्ताही तांब्या घेऊनच बसलेय."

"तांब्या खाली ठेव," मी म्हणाले.