चौदावी काठी

मार्चमध्ये हॉइटला झटका आला, उजवं अंग गेलं, आणि जिभेवर एकच शब्द उरला: बुधवार. मीठ हवं असलं तरी बुधवार, पंखा लाव म्हणायचं असलं तरी बुधवार. आणि बायकोने मिठाऐवजी मिरपूड आणली की डावा हात टेबलावर आपटून, घर दणाणेल असा, बुधवार! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्यात सगळं जागच्या जागी आहे, फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय. जाताना ओनेटाला दारात थांबवून म्हणाल्या, "मिस ओनेटा, एवढंच बघा, त्यांनी सांगायचा प्रयत्न सोडता कामा नये. माणूस एकदा सांगायचंच थांबला की मग फार कठीण."

ओनेटाला ते वाक्य रात्रंदिवस कुरतडत होतं. कारण हॉइट सांगत होता आणि तिला काही म्हणता काही कळत नव्हतं.

शनिवारी तो पडवीत चाकांच्या खुर्चीत बसला होता. समोर उतार, उताराखाली धक्का, धक्क्याशेजारी होडीची शेड आणि पलीकडे सरोवराचं पाणी. त्याने डावा हात उचलला आणि शेडकडे बोट केलं.

"बुधवार."

"होडी?"

मान हलली. नाही.

"मासे पकडायचं सामान?"

हो! हॉइटचा अर्धा चेहरा उजळला. ओनेटालाही इतका आनंद झाला की ती पदर खोचल्यागत अ‍ॅप्रन आवळून पळतच सुटली. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच उत्तर इतक्या लवकर बरोबर आलं होतं.

पण शेडमध्ये शिरली आणि पाय जड झाले. भिंतीवर तेरा काठ्या ओळीने टांगलेल्या. खाली डब्यांवर डबे. डब्यांत रबरी गांडुळं, लाकडी मासे, पिसांचे बेडूक, शिसाचे गोळे आणि नाना आकाराचे गळ. एकतीस वर्षं संसार केला, पण या खोलीत ती कधी हॉइटला जेवायला हाक मारण्यापलीकडे आली नव्हती. बास माशाचं वेड हॉइटचं. तिच्या लेखी सगळ्या काठ्या सारख्याच.

तिने पहिली काठी नेली. हॉइटने मान हलवली. दुसरी नेली. नाही. तिसरी, चौथी. तेरावी काठी घेऊन उतार चढून आली तेव्हा तिचा श्वास भात्यासारखा चालला होता, आणि हॉइट डोळे मिटून मान हलवत होता, नाही, नाही, नाही.

"अरे मग हवंय तरी काय तुला?" ती ओरडली, आणि ओरडल्याचं तिचं तिलाच इतकं वाईट वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

रविवारी चर्च सुटल्यावर दीर आला. ड्वेन म्हणजे बोलायला लागला की समोरच्याने खुर्ची घेऊन बसावं. त्याने तेराही काठ्या वाकवून पाहिल्या.

"वहिनी, सोपं आहे. दादाला मासे धरायचेत, आणि त्याला कळतंय की एका हाताने या काठ्या चालणार नाहीत. नवी लागणार. पाणी गढूळ आहे सध्या, तेव्हा कडक काठी, विणलेली जाड दोरी, काळं-निळं गांडूळ. झालं!"

सोमवारी ती पिकेटच्या दुकानात गेली. पिकेट म्हातारा, पंचेचाळीस वर्षं गळ विकणारा. ड्वेनचं नाव ऐकताच त्याने कपाळाला हात लावला.

"ड्वेन? तो आंघोळीच्या टबात मासा सोडला तरी पकडणार नाही. मिस ओनेटा, मे संपत आला. मादी अंडी घालून दमलीय, ती आता नाजूक खाणार. लवचिक काठी घ्या, दोरीऐवजी नायलॉनचं पारदर्शक तंगूस, आणि गांडूळ भोपळ्याच्या सालीसारखं हिरवं."

मागे रांगेत उभी असलेली एक बाई म्हणाली, "खरं गांडूळ लावा की! माझ्या आईने आयुष्यभर तेच लावलं." त्यावर तिचा नवरा म्हणाला, गांडूळ लावणाऱ्याने बासच्या वाटेला जाऊ नये. मग पिकेट त्याच्याशी भांडायला लागला. ओनेटाच्या डोक्याचं पार भरीत झालं.

"तंगूस घरात पुष्कळ असेल हो," ती मध्येच म्हणाली.

"असेल, पण कुठल्या सालचं? तंगूस रिळावर बसून बसून खराब होतं. कडक होतं, गुंडाळ्या धरतं, पिवळं पडतं. दर वसंतात बदलावं लागतं. हॉइट मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतोच माझ्याकडे. यंदाही येऊन गेला, झटका यायच्या आधी चार दिवस." पिकेट आत गेला. मग एक पट्टा घेऊन आला. छातीला बांधायचा, त्यात काठी खोचायची, म्हणजे एकाच हाताने रीळ फिरवता येतं. "हे न्या. हॉइटच्या रिळाचं हँडल तसंही डावीकडे असतं. उजव्या हाताने फेकायचं आणि डाव्याने ओढायचं, अशी त्याची जुनी सवय. त्याला जमेल."

ओनेटाला ते पटलं. इतकं पटलं की लवचिक काठी, हिरवं गांडूळ आणि पट्टा घेऊन घरी जाताना गाडीत ती चक्क गुणगुणली.

मंगळवारी सकाळी बिस्किटं आणि ग्रेव्ही खाऊन झाल्यावर ड्वेनने पट्टा बांधला. नवी काठी खोचली. हॉइटचा डावा हात हँडलवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. "घ्या! दादा तयार!"

हॉइटने छातीवरच्या काठीकडे पाहिलं. मग ओनेटाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिने सोसला असता. राग नव्हता. एका हाताने त्याने बक्कल सोडवलं, बराच वेळ लागला, आणि पट्टा खाली पडू दिला. बुधवार म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही. खुर्ची भिंतीकडे वळवून बसला.

जेवायला बोलावलं, तोंड उघडलं नाही. पंखा लावू का? उत्तर नाही. पाणी? त्यालाही नाही. ड्वेन टोपी चोळत निघून गेला.

दुपारी ओनेटा शेडमध्ये गेली ती रागाच्या भरात. राग हॉइटवर नव्हता, ड्वेनवर नव्हता, स्वतःवर होता. एकतीस वर्षं! एकतीस वर्षं शेजारी झोपूनही या माणसाला काय हवं ते आपल्याला ओळखता येऊ नये, म्हणजे बायको आहे की भाडेकरू? तिने एक काठी भिंतीवरून ओढली, डाव्या हातात धरली आणि उजव्याने हँडल शोधलं. हँडल पलीकडे. अर्थात पलीकडे! ती डावरी. जगातली कात्री, कॅन फोडायचं यंत्र, शाळेतली बाकं, सगळं तिच्यासाठी पलीकडेच. सासूबाई म्हणायच्या, उलट्या हाताची सून आणली. हॉइट त्यावर कधी बोलला नव्हता. फक्त लग्नानंतर महिन्याभरात त्याने फ्रिजचं दार उलट्या बाजूला बसवलं होतं, तिच्या हाताला येईल असं, आणि तेही न सांगता.

तिने काठी परत खुंटीवर टांगली.

भिंतीवर खुंट्या चौदा होत्या. काठ्या तेरा.

वर पाहिलं. आढ्याच्या तुळयांवर एक लांब पिशवी आडवी ठेवलेली, फुलाफुलांच्या फ्लॅनेलची. तिने ती शनिवारपासून वीसदा पाहिली असेल आणि वीसदा पडद्याचा दांडा समजून सोडून दिली असेल. कापड तिच्याच ओळखीचं निघालं. तिचा जुना झोपायचा झगा, जो तिने चर्चच्या दानाच्या गाठोड्यात टाकला होता असं ती आजवर समजत होती. टाके पुरुषी, ओबडधोबड.

आतून काठी निघाली. हलकी, जुनी, पण पुसलेली. तिने डाव्या हातात घेतली. उजवा हात आपोआप गेला तो थेट हँडलवर.

आणि तिला आठवलं. लग्नाच्या पहिल्याच वसंतात हॉइटने विचारलं होतं, येतेस का पाण्यावर? ती हसली होती. "माझे हात उलटे, मी तुझाच कान गळाला लावीन. मला नको तुझी मासळी." तो पुन्हा कधी म्हणाला नाही. तिला वाटलं, विषय संपला.

तिने तंगूस बोटांनी ओढलं. जुनं असणार, कडक असणार, तुटणार. ते मऊ होतं. पाण्यासारखं स्वच्छ. रिळावरून सरळ, एकही गुंडाळी न धरता निघालं. यंदाचं होतं. मार्चमधलं.

म्हणजे मागच्या वर्षीही. त्याच्या मागच्याही. एकतीस वसंत तो पिकेटकडून तंगूस आणत होता, न वापरलेल्या रिळावरून न वापरलेलं काढून नवं भरत होता, आणि काठी परत तुळयांवर ठेवत होता. जेवायला ये म्हणून ती याच दारातून हाक मारत होती. "देवा रे," ओनेटा म्हणाली आणि उलट्या बादलीवर बसून भरपूर रडली.

त्याला स्वतःला मासे धरायचेच नव्हते.

ती पडवीत आली. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसली आणि काठी दोघांच्या मध्ये धरली. डाव्या हातात.

"हीच ना?"

हॉइटने पाहिलं. डाव्या हाताने त्याने काठी धरली. "बुधवार," तो म्हणाला, अगदी हळू.

खुर्ची उतारावरून धक्क्यापर्यंत न्यायला अर्धा तास लागला, आणि दोनदा दोघंही पाण्यात जातात की काय असं झालं. तिने हिरवं गांडूळ लावलं, काठी मागे नेली आणि जीव खाऊन फेकली. गांडूळ चार हातांवर टपकन पडलं. रीळ मात्र भरधाव फिरत राहिलं, आणि बघता बघता त्यावर पक्ष्याच्या घरट्याएवढा गुंता झाला.

"बुधवार! बुधवार, बुधवार!" हॉइट कडाडला. डाव्या हाताने त्याने तिचा अंगठा पकडला आणि रिळावर दाबून धरला. इथे. सोडताना इथे दाबून ठेवायचं.

"मग आधी नाही सांगायचं?" ती म्हणाली.

हॉइट हसायला लागला. तिरका हसला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. तिने रीळ त्याच्या मांडीवर ठेवलं. एक टोक त्याने डाव्या हाताने धरलं आणि ती डाव्या हाताने एकेक वेढा सोडवत बसली. दोघांची बोटं सारखी एकमेकांत अडकत होती.

"बघ," ओनेटा म्हणाली, "आता तूही उलट्या हाताचा झालास."

"बुधवार," हॉइट म्हणाला. ही शिवी होती, हे तिला लगेच कळलं.