भिकनभाऊ कुठे चालला?

पाचोऱ्याच्या यार्डाबाहेर माझी चहाची टपरी आहे. समोरच्या शेडमध्ये मालगाडीच्या डब्यांची दुरुस्ती करणारी कंपनी. तिथली खबर आधी माझ्याकडे येते, मग साहेबाकडे. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू देत.

कंपनीला चार माणसं कमी करायची होती. स्वखुशीनं जाईल त्याला जास्तीचा पैसा. चार नावं आली नाहीत, तर सगळ्यात नवा माणूस पहिला घरी. आणि सगळ्यात नवा म्हणजे माझा नवरा, रुपचंद.

तीन नावं लवकर आली. चौथं आलं भिकनभाऊचं, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. सुट्टीच्या दिवशीही शेडमध्ये चक्कर मारणारा हा माणूस चालला कुठे? कुणी म्हणे, रावेरला केळीच्या पॅकिंगला. कुणी म्हणे, दीपनगरला ठेका मिळाला. विचारलं मात्र कुणीच नाही. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणू नये, काम होत नाही, ही आमच्याकडची रीत. शेडमधले एरवी बायकोचं ऐकत नाहीत, पण ही रीत सगळ्यांनी अगदी कसोशीनं पाळली.

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला. भिकनभाऊ चहाला आला आणि माझ्यानं राहवेना. रीत गेली चुलीत.

"कसाले जाई ऱ्हायना रे भाऊ? कोठे?"

त्यानं कप ओठांपासून खाली घेतला. "कोठेच नही, अक्का."

"मंग सही कसाले करी?"

"साहेबनी इचारं, कोन जास? बठ्ठासनी, सारा शेडनी, मन्हाकडे देखं. म्हने, याले ना पोर ना सोर. माले राग उना, करी टाकी सही." त्यानं कप खाली टेकवला. "वाटनं, कोनी तरी म्हनी, नको जाऊ. कोनीच नही म्हनं. तू म्हन. आत्ते जाईसन अर्ज मांगे लिसू."

बाकावर बसलेल्या रुपचंदची बशी हातातच राहिली. तो माझ्याकडे बघत होता. मला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं हो! आता हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा. मला त्याचा राग आला, शेडवाल्यांचा आला, स्वतःच्या जिभेचा तर फारच आला. पण त्याच्या डोळ्यांत बघून 'जा' म्हणायचं कसं?

"नको जाऊ, भाऊ."

भिकनभाऊ चहा अर्धा टाकून ऑफिसकडे निघाला. चालता चालता पळायलाच लागला.

मी गॅस बारीक केला. रुपचंदनं बशी खाली ठेवली. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "बठ्ठा गावले इचारस तू. माले बी एकदाव इचारी लेती."