पहिल्या रांगेतली मऊ खुर्ची

मी जहाजावरच्या थिएटरातली, पहिल्या रांगेतली मधली खुर्ची बोलतेय. माझं म्हणणं उभ्यानंच ऐका. बसलात तर झोपाल.

माझा जन्म इंटिरियरवाल्याच्या ऑफिसात झाला, नमुना म्हणून. त्यानं भिंतींचे रंग, दिवे, पडदा, सगळं डोकं लावून ठरवलेलं. मलाही ताठ पाठीची बनवलं होतं. मग जहाजाचा मालक आला, तो भरपेट जेवून. केबिनमधल्या गाद्या त्यानं स्वतः आडवं होऊन पसंत केल्या होत्या. डोळा लागला की गादी पास. तीच परीक्षा त्यानं मला लावली.

"टोचतेय," तो म्हणाला.

"साहेब, ही गाणं ऐकायला बसायची खुर्ची आहे."

"मग काय, लोकांनी पैसे देऊन पाठ मोडून घ्यायची?"

झालं. माझी पाठ मागे झुकली, स्पंज दुप्पट झाला, मानेला उशी आली. शेवटी एकदाचा मालक माझ्यात घोरला आणि ऑफिसातल्या शहाण्यांना घाम पुसायला फुरसत मिळाली. थिएटर गाण्याचं, पण कानांना कुणी विचारलं नाही. सगळी बडदास्त बुडाची.

माझ्यासारख्याच शेकडो बहिणी जहाजावर चढल्या. लाटांनी घसरू नये म्हणून आमचे पाय बोल्टनं जमिनीला आवळले.

पहिल्या कार्यक्रमापासून तेच. गायिका उभी राहते, जहाज पाळण्यासारखं डुलतं, दुसऱ्या कडव्याला माना पडतात. टाळ्या वाजवायला जागं कोण असतंय?

"बाईच्या गाण्यात दम नाही," मालक म्हणाला. "बंदर आलं की उतरवा तिला."

बिचारी दुपारी रिकाम्या थिएटरात घसा फोडून तालीम करायची. एकदा दमून माझ्यात टेकली, ती झोपलीच. जाग आल्यावर माझ्याकडे बघतच राहिली.

"अगं भवाने," ती म्हणाली, "तू होय."

बंदर यायच्या दिवशी तिनं मालकाला बसूच दिलं नाही. "मालक, एक गाणं उभ्यानं ऐका. मग खुशाल काढा मला."

ऐकलं त्यानं. दुसऱ्या कडव्याला माना पडायच्या तिथे याचा रुमाल बाहेर आला.

"बाई, असं गाता होय तुम्ही? मग तुमच्या नोकरीचं असं आहे की..." म्हणत, पाय दुखले म्हणून, तो माझ्यात बसला.

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलंय. घोरतोय. बंदराचा भोंगा वाजला, खलाशी बाईची पेटी उचलायला आलाय, बाई समोर उभी आहे. मला हात दोन आहेत, पण ते नुसते टेकायला. कुणीतरी हलवा हो या मेल्याला.