चौथी मरळ

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मुकुंदसरांना एकच वेड होतं. कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी गळाला बांधायची, लवचीक काठीनं ती पाण्यावर अलगद टाकायची आणि मरळ मासा फसवायचा. त्यांचा जुना विद्यार्थी आशिष दर रविवारी त्यांना मोटारसायकलवरून मंद्रूपच्या पुढे भीमेवर न्यायचा.

त्या रविवारी भाद्रपदातलं ऊन डोकं भाजत होतं. महिनाभर थेंब नव्हता. घोट्याएवढ्या पाण्यातून दोघं डोहाजवळच्या मधल्या खडकावर गेले. एरवी दिवसभरात एखादी मरळ लागायची. आज तासाभरात तीन लागल्या. सर खुशीत होते, पण आशिषला ते बरं वाटेना. बेडकं पाणी सोडून काठाकडे उड्या मारत होती. वारा नसताना पाण्यावर तांबूस फेस आला होता.

काठावरून मायाप्पा मेंढपाळ ओरडला, "सर, भाईर या! मेंढरं पाण्याला त्वांड लावंनात. वर कुटंतरी लई पाऊस झालाय!"

"ही एक लागली, की निघालोच," सर म्हणाले. एवढ्यात काठी कमानीसारखी वाकली.

आशिषनं पायाकडे पाहिलं. मघाचं घोट्याएवढं पाणी आता खडकावर चढून पोटरीला लागत होतं. "सर, सोडा तिला. चला!"

"तू हो पुढं."

आशिष कसाबसा काठाला पोचला तेव्हा पाणी त्याच्या कमरेला होतं. मागं वळून बघतो तर खडक दिसेना. सर छातीएवढ्या गढूळ पाण्यात उभे होते, काठी दोन्ही हातांत.

मायाप्पानं आपल्या सामानाच्या घोड्यावरचा दोर सोडून फेकला. सरांनी तो झेलला, पण कमरेला बांधला नाही. शांतपणे काठीच्या मुठीला गाठ मारली.

"आधी ही ओढा!"

"मास्तर, जीव जातोय की तुमचा!" मायाप्पा किंचाळला.

आशिषनं ओढलं. गळाचं नायलॉन तटकन तुटलं आणि काठी मोकळी काठाला आली. ओल्या दोराची गाठ सुटेना. मायाप्पानं विळ्यानं ती कापली आणि दोर पुन्हा फेकला. तो वाहून गेला. तिसऱ्यांदा सरांचा हात त्यावर पडला तेव्हा फक्त डोकं वर होतं.

दोघांनी त्यांना चिखलातून ओढून काढलं. सर ओकले, उठून बसले आणि नदीकडे पाहत राहिले. नदी आता या काठापासून त्या काठापर्यंत भरून चालली होती. मायाप्पा मेंढरं हाकत वर निघून गेला.

आशिषनं सरांना मागच्या सीटवर बसवून मोटारसायकल काढली. मंद्रूप आलं तसे सर त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "हाताएवढी होती रे. येत्या रविवारी पाणी ओसरेल. येशील ना?"

आवाज नेहमीसारखाच, वर्गातला. आशिषच्या अंगावर काटा आला. त्यानं वेग वाढवला.