अजितचा अंगठा आणि मी

मी जुना नाही, मित्रांनो. जुने आहेत ते माझ्या पोटातले खेळ. मी एक हातात मावणारा व्हिडिओ गेम आहे. रंग करडा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. डावीकडे दिशांची फुली, उजवीकडे चार बटणं, मध्ये पडदा. तुमचे आईबाप लहानपणी टीव्हीला जोडून, कॅसेट खोचून जे गेम खेळायचे, ते यंत्र मी नव्हे. माझ्यातला प्रोग्राम त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतो. त्याला इम्युलेटर म्हणतात. नक्कल म्हटल्यावर नाक मुरडू नका. ती जुनी यंत्रं भंगारात गेली, आणि त्यांचे खेळ आज माझ्यामुळे जिवंत आहेत. हे मी छाती पुढे काढून सांगतो.

कारखान्यात एका बाईने माझे स्क्रू पिळले, मला चालू केलं, बटणं दाबून बघितली आणि ती पुढच्याकडे वळली. तिच्याकडे कौतुकाला वेळ नव्हता. मग मी दादरच्या एका दुकानात काचेमागे बसलो. तिथून आकांक्षा परबने मला काळाचौकीच्या चाळीत नेलं, तिच्या पप्पांसाठी.

तिचे पप्पा म्हणजे अजित. धंद्याने वायरमन. उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मागे राहिला. आणि वायरमनचा उजवा अंगठा गेला म्हणजे काय गेलं, हे मी सांगायला नको. व्यायामाच्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. अजितने तो खाटेखाली भिरकावला.

"मी काय मांजर आहे चेंडूशी खेळायला?"

म्हणून मी आलो. माझं काम एकच, तो अंगठा हलवायचा.

सुरुवात मात्र बेक्कार झाली. दुकानदाराने माझ्या मेमरी कार्डात दहा हजार खेळ कोंबले होते. कुणाचे, कुणाला विचारून, पत्ता नाही. अजित यादी वर सरकवायचा, खाली सरकवायचा. एक खेळ उघडायचा, लगेच बंद करायचा. मग मला उशीशी टाकून भिंतीकडे तोंड करायचा. मित्रांनो, तुम्हीही हेच करता. साठवता ढिगाने, खेळत काहीच नाही, आणि वर म्हणता गेममध्ये मजा नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

मग एका रविवारी गिरगावातून फ्रँक आला. अजितचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने माझ्यावर एक नजर टाकली.

"काय रे अज्या, गेम खेळतोस की मतदारयादी वाचतोस?"

"सुचतच नाही रे, काय खेळू."

"कोल्हा आठवतो?"

अजितचा चेहरा मी खालून बघत होतो. तो बदलला.

शाळेत असताना दोघं फ्रँकच्या घरी एकच गेम खेळायचे. एक कोल्हा नदीतल्या ओंडक्यांवरून उड्या मारत पलीकडे जातो. बस, एवढंच. ती कॅसेट फ्रँकने जपून ठेवली होती. कॉम्प्युटरला जोडायच्या एका छोट्या यंत्राने त्याने कॅसेटमधला खेळ उतरवून घेतला, चांगलं नवं कार्ड आणलं आणि माझ्यात तो एकच खेळ ठेवला. दहा हजारांचं ओझं उतरलं. मला हलकं वाटलं.

आकांक्षाने हौसेने चित्र ताणून पडदाभर केलं होतं. फ्रँक ओरडला, "अगं पोरी, हा कोल्हा की डुक्कर? जुना टीव्ही चौकोनी होता. चित्र चौकोनीच ठेव, कडा काळ्या राहू देत." मग त्याने उडीचं बटण असं निवडलं, की तिथे फक्त उजवा अंगठाच पोहोचेल.

"हे मुद्दाम केलंस," अजित म्हणाला.

"मग? तुला पाडायला आलोय मी, मेन."

अजित पडलाच. कोल्हा पहिल्याच ओंडक्यावरून पाण्यात. पुन्हा पाण्यात. अंगठा उशिरा दाबायचा, आणि उशिरा म्हणजे पाण्यात. पण माणूस हट्टी. गणपती आले तेव्हा कोल्हा अर्ध्या नदीत होता. नवरात्र बसलं तेव्हा पलीकडचा काठ दिसायला लागला होता. खाटेखालचा चेंडूही बाहेर आला. अंगठा मी बरा केला असं मी म्हणणार नाही, घाम त्याने गाळला. पण कारण मी होतो, आणि हे म्हणायला मी लाजणार नाही.

मग दसरा आला.

अजितची आई शेवंती. तिच्या नवऱ्याचा जन्म कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेला. दसऱ्याला साच्याची पूजा करायची आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हे तिच्या रक्तात. तिने पाटावर अजितचा टेस्टर, पकड, स्क्रू ड्रायव्हर मांडले. आणि त्यांच्या शेजारी मला.

"आजी, गेमची कुठे पूजा करतात?" आकांक्षा हसली.

"गप ऱ्हव गो! ह्या यंत्रान माझ्या झिलाचो हात हलवल्यान. मगे ह्येची पूजा नको?"

तिने पाण्यात कालवलेलं हळदकुंकू बोटावर घेतलं आणि माझ्या चारही बटणांवर दाबून लावलं. झेंडूचं फूल ठेवलं. मित्रांनो, एवढा मान माझ्या जातभाईंत कुणाला मिळाला असेल! मी फुगून बसलो होतो. आणि ते पाणी बटणांच्या कडेने हळूच आत उतरत होतं. दिवसभर मला कुणी उचललं नाही, उचलायचंच नव्हतं. आत सगळं घट्ट वाळलं.

दुसऱ्या दिवशी अजितने मला पुसून हातात घेतलं. अंगठा दाबला. कोल्हा हलला नाही. जोर लावला. उडी लागली, पण उशिरा. कोल्हा पाण्यात. पुन्हा तेच. आणि पुन्हा.

त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, अंगठा परत गेला.

मला सगळं ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे? त्याने मला कपाटात ठेवलं. आकांक्षाने विचारलं, "पप्पा, खेळत नाही?" तो म्हणाला, "कंटाळा आला." चेंडू थांबला. डॉक्टरांकडे जायचं तो टाळायला लागला. घरातल्यांनी मान डोलावली आणि आपापल्या कामाला लागले. कपाटातल्या अंधारात मी एकटा आगीसारखा धुमसत होतो. कंटाळा! एवढ्या शब्दावर विश्वास ठेवून मोकळे झाले सगळे!

पुढच्या रविवारी फ्रँक आला.

"कुठे आहे आपला कोल्हा?"

"राहू दे रे. मूड नाही."

"तुझा मूड गेला खड्ड्यात. मी खेळतो." त्याने कपाट उघडून मला काढलं. दाबलं. कोल्हा पाण्यात. पुन्हा दाबलं. पाण्यात.

"अज्या, हे बटण कधीपासून असं आहे?"

"कसं?"

"असं! चिकटतंय. माझा अंगठा तर धडधाकट आहे ना?"

अजित उठून बसला. त्याने फ्रँकच्या हातातून मला ओढून घेतलं आणि उजेडात धरलं. बटणाच्या फटीत लाल रेघ होती. त्याने ती नखाने खरवडून बघितली. म्हणाला, "मला वाटलं, मीच..."

"माझ्याच हातान झाला मां ह्या!" शेवंती आजीने कपाळावर हात मारला.

"आये, तुझ्या कुंकवाचा दोष नाही. पाणी जास्त झालं." आणि तो आकांक्षाला म्हणाला, "बारीक स्क्रू ड्रायव्हर दे."

फ्रँकने हात पुढे केला. अजितने तो बाजूला सारला.

माझे स्क्रू मोहरीएवढे. पहिल्यावरून स्क्रू ड्रायव्हर घसरला. दुसऱ्यांदाही घसरला. फ्रँकचा हात पुन्हा पुढे आला आणि मागे गेला. मग उजवा अंगठा टेकला, पिळला आणि स्क्रू सुटला. अजितने मला उघडलं, स्पिरिटमध्ये कापूस बुडवून साफ केलं, वाळू दिलं आणि पुन्हा मिटलं. सगळं त्याच हाताने.

मग तो खेळला. कोल्हा काठाजवळ गेला आणि धप्पकन पाण्यात पडला.

"आता कुणाची चूक?" फ्रँकने विचारलं.

"माझी," अजित खुशीत म्हणाला, "माझीच रे!" आणि त्याने पुन्हा बटण दाबलं.

मित्रांनो, मला ओल्यापासून जपा. खेळ चालू असताना बंद करू नका, कार्ड खराब होतं. पूजा करायचीच तर कोरडं फूल ठेवा, मला चालेल. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. घरातलं कुणी हातातलं काम बाजूला ठेवून "कंटाळा आला" म्हणालं, तर मान डोलावून निघून जाऊ नका. त्याच्या हातातलं यंत्र मागून घ्या. एकदा स्वतः दाबून बघा.