साबिना टूही, जिवंत

नेसाच्या घराण्यात दोनशे वर्षं एकच भांडण चालू होतं, आणि तेही एका चार वर्षांच्या पोरीवरून. साबिना टूही मेली होती की नव्हती?

आज ती मेलेलीच असणार, हे कुणीही सांगेल. वाद होता तो कधी मेली याचा. मेयो जिल्ह्यातल्या एका तळ्याकाठी पूर्वी जमीन वर्षांच्या बोलीवर मिळत नसे, जिवांच्या बोलीवर मिळे. पट्ट्यात तीन नावं घालायची. तिघांतलं शेवटचं माणूस डोळे मिटेपर्यंत जमीन तुमची. ओवेन टूहीने स्वतःचं नाव घातलं, इंग्लंडच्या एका राजपुत्राचं घातलं, कारण राजपुत्र काही उपाशी मरत नाहीत, आणि तिसरं आपल्या तान्ह्या लेकीचं, साबिनाचं. पट्टा संपला की नव्या पट्ट्यात ओवेनच्या घरात आणि त्याच्या भावाच्या, मॅलकीच्या घरात जमीन अर्धी अर्धी व्हायची होती. पुढे राजपुत्र गेला, ओवेनही गेला. मॅलकी म्हणाला, साबिना तर चौथ्या वर्षीच तापाने गेली, आता वाटणी करा. ओवेनचा मुलगा म्हणाला, ताई माडीवर आहे, आजारी असते. वाटणी राहिली ती राहिलीच.

आता ओवेनच्या बाजूला उरले होते कोल्मनआजोबा, नेसाच्या आजीचे भाऊ. ऐंशीचे, बिनलग्नाचे, त्याच जुन्या घरात एकटे. मॅलकीच्या बाजूला अट्रॅक्टाआजी, पाणंदीच्या पलीकडे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचंच झालं तर आपापल्या कुत्र्याशी, पण समोरच्या घरात नीट ऐकू जाईल असं.

"टिपी, खोटारड्यांच्या दारात जायचं नाही हं," अट्रॅक्टाआजी म्हणायची.

"ऐकलंस का रे, बाळा," कोल्मनआजोबा आपल्या कुत्र्याला सांगायचे, "काही लोकांना जिवंत माणसं पुरायची भारी हौस असते."

जुन्या जमीनदाराची कागदपत्रं जिल्ह्याच्या दप्तरखान्यात आहेत हे नेसाला शाळेच्या प्रकल्पात कळलं, आणि तिने आजोबांना गाडीत बसायलाच लावलं. "चला, एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

"आमची माणसं खोटं बोलली नाहीत, एवढं कागदावर दिसू दे," आजोबा गाडी चालवताना म्हणाले. "मग मी मरायला मोकळा."

नेसा खिडकीबाहेर बघत राहिली. ती सहा वर्षांची असताना आजोबांच्या अंगणातून तिने माडीच्या खिडकीकडे बघून हात हलवला होता, कारण वरून आधी कुणीतरी हलवला होता. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दप्तरखान्यातल्या वाचनाच्या खोलीत चिडीचूप होतं. आपापले पूर्वज शोधणारी चार-पाच माणसं माना खाली घालून बसली होती. तिथल्या गॉर्मली बाईंनी टेबलावरच्या उशीवर एक जाड बाड आणून ठेवलं. "फक्त पेन्सिल. आणि पानं हळू उलटा, आजोबा, ती तुमच्याहून म्हातारी आहेत."

जमीनदाराचा कारभारी दरवर्षी पट्ट्यातली माणसं डोळ्यांनी बघून नोंद करायचा. नेसा कुजबुजत वाचू लागली. साबिना टूही, खिडकीत दिसली. पुढच्या वर्षी, खिडकीत दिसली, आजारी म्हणतात. आजोबांचा चेहरा उजळत गेला. पानं उलटली, अक्षर बदललं, नवा कारभारी आला.

"साबिना टूही, वय तेहतीस," नेसाने वाचलं, आणि तिचा आवाज खाली गेला. "खिडकीत दिसली. उंची चार वर्षांच्या पोरीएवढी. माझ्याकडे बघून हात हलवला. मी घरात गेलो नाही. पुढेही जाणार नाही. जिवंत, असं लिहावं."

"बघ," आजोबा म्हणाले. "दिसली. आम्ही खोटं नाही बोललो."

"आजोबा."

"काय?"

"मलाही दिसलीय ती."

आजोबांनी पानावरच्या तिच्या नावावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "मला माझी आई गेली तेव्हापासून दिसते. त्या खिडकीला मी पडदा नाही लावला कधी. संध्याकाळी गाई आत घेऊन आलो की ती असते. घरात दुसरं कोण आहे गं मला?"

"तिच्यासाठी कधी कुणी मेलेल्यांची प्रार्थना केली?"

"जिवंत माणसासाठी ती प्रार्थना करतात होय?"

नोव्हेंबरात घरोघरच्या मेलेल्यांच्या नावांची पाकिटं चर्चमध्ये वेदीवर ठेवतात. नेसाला ती आठवली. टूहींच्या पाकिटात कुठल्या कुठल्या लांबच्या काकांचीही नावं असत. साबिनाचं नसे. ते लिहिलं असतं तर मॅलकीची माणसं खरी ठरली असती.

"तिला थंडी वाजत असेल हो, आजोबा," नेसा म्हणाली. "इतकी वर्षं उभीच आहे ती."

आजोबांनी टोपी काढली. खुर्चीला धरून उठले आणि त्या चिडीचूप खोलीत, साबिनाचं नाव घेऊन, मेलेल्यांच्या विसाव्याची प्रार्थना म्हणू लागले. पहिली ओळ त्यांनी मोठ्याने म्हटली. गॉर्मली बाई त्यांना गप्प करायला उठल्या आणि उभ्याच राहिल्या. दुसरी ओळ बाईंनीच म्हटली. मग खिडकीजवळचा माणूस, मग सगळेच. ती ओळ तिथे कुणाला शिकवावी लागत नाही.

परतताना आजोबांनी टोपी मांडीवरच ठेवली. पाणंदीत गाडीचा वेग कमी करून म्हणाले, "तू बघ. माझ्याने बघवत नाही."

नेसाने वर पाहिलं. काचेत ढग होते, आणि काचेमागे एक रिकामी खोली. ती रिकामी आहे हे लांबूनही कळत होतं. नेसाने नकारार्थी मान हलवली.

गाडी घरापाशी थांबलीच नाही. आजोबांनी ती पलीकडच्या फाटकात घातली. टिपी भुंकायला आली आणि गोंधळून गप्प झाली. अट्रॅक्टाआजी पिठाने माखलेल्या हातांनी दारात आली.

"काय रे, कोल्मन? कुत्रा आजारी पडला, म्हणून स्वतः आलास?"

"साबिना गेली," आजोबा म्हणाले.

म्हातारीने तोंड उघडलं. आयुष्यभर जपून ठेवलेलं उत्तर तिच्या जिभेवर आलंच होतं. पण आजोबांची टोपी त्यांच्या हातात होती.

"कधी?" तिने विचारलं.

"आज सकाळी."

तिने कमरेच्या एप्रनला हात पुसले, पायरी उतरून आली आणि गावात मयताच्या दारी करतात तसा त्यांचा हात हातात घेतला. "वाईट झालं रे, कोल्मन," ती म्हणाली. "फार लहान होती."