थंडीबाईची घाई

सगळं हॉस्पिटल तिला थंडीबाई म्हणायचं. गोठवलेल्या पेशी सांभाळणं हे तिचं काम. दिवसभर द्रव नायट्रोजनच्या टाक्यांशी झटापट करून तिचे हात भर उन्हाळ्यातही गारच असायचे. तिचा एक नेम होता. आधी पेशंटशी बोलायचं, मगच पेशींची पिशवी वितळवायला कोमट पाण्यात सोडायची. आज मात्र डॉक्टर तयार, नर्स तयार, म्हणून तिने दाराबाहेरच पिशवी वितळवली आणि हातात घेऊन आत शिरली.

खाटेवर कुलूपवाला होता. पन्नाशीचा, आडदांड, सगळ्या गावाची कुलपं उघडून देणारा. आता मात्र त्याच्या अंगात रक्त बनेनासं झालं होतं. पिशवीत त्याच्या थोरल्या बहिणीच्या मूळपेशी होत्या, नवं रक्त तयार करणाऱ्या. पिशवी एकच होती आणि दुसरी मिळायची नव्हती.

"ताई येईपर्यंत लावायची नाही," तो म्हणाला. "तिचा हात धरल्याशिवाय मी आजवर सुई टोचून घेतलेली नाही."

ताई शाळेची बस चालवायची. शेवटचं पोर घरी पोचवल्याशिवाय ती कसली येते.

 थंडीबाईला सबब सांगता आली असती, पण खोटं बोलायचा तिला धीर झाला नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला न विचारता वितळवली. गोठवताना बर्फाने पेशी फाटू नयेत म्हणून यात एक औषध घालतो. ऊब लागली की तेच औषध त्यांच्या जिवावर उठतं. उशीर होईल तशा त्या मरत जातात."

"मग परत गोठवा."

"ते त्यांना सोसायचं नाही."

कुलूपवाला पिशवीकडे बघत राहिला. "आमची ताई अशीच. आजारी पडलो की जिवापाड जपते, जरा बरा झालो की बोलून बोलून जीव खाते."

 त्याने दाराकडे पाहिलं, मग हात पुढे केला. "ताईचं काम तुम्ही करा."

थंडीबाई खुर्ची ओढून बसली आणि तिने त्याचा हात धरला. नर्सने नळी जोडली.

"काय गार हात आहे हो तुमचा," तो पुटपुटला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

पिशवी रिकामी झाली तेव्हा खोलीभर लसणासारखा वास पसरला होता. ते औषध पेशंटच्या श्वासावाटे असंच बाहेर पडतं. तेवढ्यात ताई आली, हात धुऊन, मास्क लावून, धापा टाकत. रिकामी पिशवी पाहून ती जागीच थबकली.

"एवढंसं थांबता आलं नाही तुला?"

"थांबलो असतो तर तूच वाया गेली असतीस," तो म्हणाला.

ताई खाटेजवळ आली. थंडीबाईने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि खुर्ची रिकामी करून दिली.